वाकड्या धामणीचं धनुष्य

धनुष्यासाठी सरळसोट, बिनगाठीचं लाकूड घ्या, असं सगळेच सांगतात. कोकणात ते शोधायला निघालात तर एक शिमगा जाऊन दुसरा येईल. सड्यावर कातळावरचा मातीचा थर कुठे वीतभर, कुठे त्याहून कमी. त्यात समुद्राकडून येणारा वारा, आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, वर्षानुवर्षं टहाळ तोडलेला. अशा झाडाच्या खोडाला पाच फुटांत दोन बाक आणि सात-आठ गाठी असायच्याच. पण धनुष्य रेघेसारखं सरळ असावं लागत नाही. पाठीचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता गेलेले असावेत आणि ताण पूर्ण लांबीत वाटला जावा, एवढंच लागतं. वाकड्या लाकडात हे दोन्ही साधतं. मात्र मोजपट्टी म्हणून लाकडाची स्वतःची रेषा धरावी लागते.

आधी भाग समजून घेऊ. बाण सोडताना निशाण्याकडे असते ती धनुष्याची पाठ, आपल्याकडे असतं ते पोट. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. मधे मूठ, मुठीच्या दोन्ही बाजूंना उतार, मग वरचा आणि खालचा बाहू, आणि टोकांना दोरीच्या खाचा. पुढे 'बाक' म्हणजे लाकडाचा जन्मजात वळसा आणि 'वाक' म्हणजे ओढल्यावर येणारा, असं धरून चाला. या दोहोंची गल्लत झाली की धनुष्य बिघडतं.

लाकूड

माझी पहिली पसंती धामण. कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कावडीच्या दांड्याला धामण वापरत आले आहेत ते उगाच नाही. लाकूड चिवट, लवचिक आणि धक्का सोसणारं. पानाचा तळ एका बाजूला झुकलेला, उन्हाळ्यात पिवळी फुलं आणि मग वाटाण्याएवढी आंबटगोड फळं, यावरून झाड ओळखता येतं. साग मोहात पाडतो, पण तो अचानक बसलेल्या धक्क्याला कच्चा. सागाची कुऱ्हाडदांडी कोणी करत नाही, तेच कारण इथेही. सुरूचं लाकूड कठीण खरं, पण वाळताना तडकतं. सावंतवाडीच्या खेळण्यांना चालणारा पांगारा धनुष्याच्या कामाचा मुळीच नाही, फार हलका. बांबूचा तिरकामठा हा वेगळाच विषय, तो इथे घेत नाही.

झाड कुठून आणायचं हे आधी ठरवा. देवराईतली काडीही उचलायची नाही. साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडं तोडण्याबाबतच्या १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगी लागते. बाकीच्या झाडांसाठीही तोडण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात विचारलेलं बरं. घराच्या बांधावरची, वाट अडवते म्हणून छाटायची असलेली धामण मिळाली तर उत्तम.

खोड किंवा जाड फांदी ४ ते ६ इंच व्यासाची, सहा फूट लांब. त्याहून बारीक घेतली तर पाठ फार गोलाकार होते आणि सगळा ताण मधल्या अरुंद पट्ट्यावर येतो. सालीकडे नीट पाहा. सालीच्या रेषा खोडाभोवती मळसूत्रासारख्या फिरत असतील तर आतल्या तंतूंनाही तसाच पीळ आहे. टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस अंशांपर्यंतचा पीळ मी चालवून घेतो, पुढचा नाही. बाक कितीही असोत, पीळ नको.

खोड कललेलं असेल तर वरच्या अंगाचं लाकूड पाठीसाठी घ्या. रुंदपानी झाडात कललेल्या खोडाच्या वरच्या अंगाला ताण पेलणारे खास तंतू तयार होतात. हे लाकूड वाळताना लांबीत जास्त आखडतं, त्यामुळे काठी आपोआप पाठीकडे थोडी वळते. असा उलटा बाक आयता मिळाला तर तो घालवू नका.

तोड पाऊस संपून खोडातला ओलावा उतरल्यावर, मार्गशीर्षाच्या सुमाराला. तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना ऑइल पेंट किंवा फेव्हिकॉलचा जाड थर द्या. टोकांतून पाणी झपाट्याने जातं आणि तिथूनच तडे सुरू होतात; एक दिवस थांबलात तर दोन्हीकडची तीन-चार इंच लांबी गेलीच समजा. खोड करवतीने चिरू नका. पाचर मारून फोडा. करवत सरळ जाते आणि वाकडे तंतू कापत जाते. पाचर तंतूंच्या वाटेने जाते, आणि फुटलेला पृष्ठभाग पाहून लाकूड कसं आहे ते समजतं. पहिली पाचर टोकाच्या मध्यावर, मग फट जाईल तशा बाजूने दोन-तीन.

साल काढताना हात आवरा. धामणीची अंतर्साल दोरखंडासारखी चिवट असते, ओली असताना लांब पट्ट्यांत निघते. कोयत्याने साल तासायची नाही. बांबूची बोथट काप आत सारून उचकटायची. सालीखालचा गुळगुळीत पृष्ठभाग हीच धनुष्याची पाठ. तिथे कोयत्याचा एक ओरखडा म्हणजे पुढे तिथूनच उठणारा छिलका. धामणीत वर्षवलयं सागासारखी ठळक दिसत नाहीत, त्यामुळे एखादं वलय पकडून आत तासत जाण्यापेक्षा सालीखालचीच पाठ ठेवणं शहाणपणाचं. साल काढल्यावर पाठीवरही लगेच पातळ थर द्या, नाहीतर ती उभी तडकते.

आखणी आणि तासणी

काठीच्या पाठीवर तंतूंची रेषा डोळ्यांनी शोधा. हलक्या तिरप्या उजेडात, पहाटे किंवा टॉर्च आडवा धरून, ती स्पष्ट दिसते. पेन्सिलीने त्याच रेषेवर मध्यरेषा ओढा. ती नागमोडी गेली तर नागमोडीच जाऊ द्या. दोन्ही कडा मध्यरेषेपासून मोजायच्या. आपण दोरा ताणून सरळ रेघ मारली आणि त्यावर कडा आखल्या, की प्रत्येक वळणावर कडेचे तंतू कापले जातात, आणि बाहू तिथेच कडेने चिरतो. माझ्या मते नवख्याचं निम्मं नुकसान या एका रेघेत होतं.

मापं सुतारी पद्धतीने देतो, ८ सूत म्हणजे १ इंच. खाचेपासून खाचेपर्यंत ६६ इंच, दोन्हीकडे पाऊण इंच जास्त. मूठ ४ इंच लांब, ९ सूत रुंद, १२ सूत जाड. दोन्ही बाजूंना २-२ इंचांचे उतार. उतार संपतो तिथून बाहूच्या मध्यापर्यंत रुंदी १४ सूत, पुढे निमुळती होत टोकाला ४ सूत. जाडी सुरुवातीला उताराजवळ ६ सूत, टोकाला ४ सूत. यातून २८ इंच ओढीला ३५ ते ४० पौंडांचं, म्हणजे १६ ते १८ किलोचं धनुष्य निघतं. लाकूड अगदीच नखरेल असेल तर ताकद ३५ वरच ठेवा आणि लांबी ६८ करा. लांब बाहू चुका पोटात घालतो.

खाचांच्या जागी दोन खिळे ठोकून बारीक दोरा ताणा. तो मुठीच्या मध्यापासून २-३ सुतांच्या आत गेला पाहिजे. बाहू मधे कुठेही भटकले तरी चालतं, पण दोरी मुठीबाहेर पडली तर ओढताना धनुष्य हातात फिरतं. फरक जास्त असेल तर वाफ. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक तास वाफ, म्हणजे मुठीला दीड तास. मोठ्या टोपावर काठी आडवी ठेवून वर ओलं गोणपाट टाकलं तरी पुरतं. मोदकपात्र त्यासाठी लहान पडतं, आणि घरातून विरोधही होतो. वाफेतून काढल्यावर मिनिटभरात क्लॅम्पला बसवायचं, हवं त्याहून पाव हिस्सा जास्त वळवायचं, कारण थोडं परत येतंच. रात्रभर तसंच ठेवा. वाफ गाठीवर देऊ नका, गाठीभोवतीचं लाकूड फाटतं.

आता तासणी. वाकसाने किंवा कोयत्याने पोटाकडून ढोबळ, मग कानशीने. रंधा नको. लाटांसारख्या पाठीच्या काठीवर पोटाकडून रंधा मारला की पोट सपाट होतं, पण पाठ खालीवर असते. पाठ खाली गेली तिथे जाडी कमी, वर आली तिथे जास्त. दिसायला सुरेख, आणि पहिल्याच ओढीला खळग्यापाशी बिजागरीसारखं मोडतं. पाठीवर खळगा असेल तिथे पोटाने तेवढंच खाली यायचं. पाठीवर उंचवटा तिथे पोटाने वर जायचं. दर दोन इंचांवर कॅलिपरने जाडी घ्या आणि पेन्सिलीने तिथेच लिहा. मधल्या जागा अंगठा-तर्जनीच्या चिमटीत काठी सरकवून तपासा. बोटांना अर्ध्या सुताचा फरक लागतो.

हे अर्धं सूत किरकोळ नाही. बाहूचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. सहा सुतांच्या बाहूतून सगळीकडून अर्धं सूत काढलं तर ताकद जवळजवळ पावभागाने उतरते. रुंदी चौदाची तेरा केली तर जेमतेम सात टक्के. म्हणून जाडीला कानस हळू लावायची, आणि शेवटी शेवटी काचेच्या तुटक्या तुकड्याच्या धारेने नुसतं खरवडायचं.

गाठी

गाठ म्हणजे फांदीची मुळी. तंतू तिला वळसा घालून जातात. पाठीवरची गाठ उंचवट्यासारखी दिसते. ती सपाट करायची नाही, तो वळसाच तिथे ताण पेलतो. टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठींचं काही करायचं नाही. पेन्सिलीइतकी गाठ बाहूच्या मधोमध असेल तर तिथे दोन्ही कडा बाहेर फुगवा, म्हणजे गाठीच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या तंतूंची रुंदी मिळून मूळ रुंदीएवढी भरेल. कडेवरची गाठ जास्त त्रासदायक. ती अर्धी कापली जाईल अशी कड आखू नका. एक तर पूर्ण आत घ्या, नाहीतर मध्यरेषा दोन-तीन सूत सरकवून पूर्ण बाहेर काढा. पोटाकडे गाठीपाशी अर्धं सूत जाडी जास्त ठेवा. ती जागा थोडी ताठ राहिली तर बिघडत नाही.

गाठ काळी, भुसभुशीत असेल तर टोकदार पटाशीने कुजकं सगळं खणून काढा. निरोगी लाकूड लागेपर्यंत. मग त्याच लाकडाचा भुसा इपॉक्सीत कालवून भरा. भरणाने ताकद येत नाही, ते फक्त पाणी आणि किडे अडवतं; ताकद बाजूच्या तंतूंची. त्यामुळे आरपार भोक पडलं तरी बाहू तिथे फुगवलेला असेल तर धनुष्य टिकतं. मुठीतल्या गाठी आणि टोकापासून सहा इंचांतल्या गाठी जवळपास निरुपद्रवी, कारण तिथे वाक जवळजवळ नसतोच. आखणी करतानाच काठी मागेपुढे सरकवून मोठी गाठ मुठीत आणता येते का बघा. एवढ्यानेच पुष्कळदा प्रश्न मिटतो.

वाळवणं

ढोबळ तासलेली काठी वाळायला ठेवायची. अख्खं फोडलेलं लाकूड वर्षभर घेतं, एवढं बारीक केलेलं दोन-अडीच महिन्यांत वाळतं. चुलीवरचा माळा चांगला, धुराने भुंगेही लांब राहतात. पण जाळाच्या थेट वर नको. फळीला तीन-चार ठिकाणी बांधून ठेवलं तर वाळताना वेडंवाकडं होत नाही. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. सलग दोन आठवडे वजन उतरलं नाही म्हणजे हवेइतकं वाळलं.

मार्गशीर्षातली काठी अशा रीतीने फाल्गुनात तयार होते, आणि किनाऱ्यावर हवा त्यातल्या त्यात कोरडी असते ती त्याआधीचे दोन-तीन महिनेच. पावसाळ्यात टिलरिंग, म्हणजे बाहूंचा वाक जुळवणं, करूच नये. ओलसर लाकूड मोडत नाही, पण पोट दबून राहतं आणि धनुष्य दोरी काढल्यावरही वाकलेलं राहतं. कोकणातलं धनुष्य मोडून वाया जाण्यापेक्षा असं बसून जास्त वाया जातं.

यावर उपाय म्हणजे पोट भाजणं. करवंटीचे कोळसे निखारे होईपर्यंत फुंकायचे, काठी पोट खाली करून चार-पाच इंचांवर धरायची आणि वीतभर भाग घेत पुढे सरकायचं. पोट भाजक्या काजूच्या रंगावर आलं की पुरे, काळं झालं की गेलं. पाठ हाताला सोसवेल एवढीच गरम राहिली पाहिजे. भाजलेली काठी लगेच वाकवू नका. ती हाडासारखी कोरडी असते आणि कडाड् म्हणते. आठवडाभर सावलीत ठेवली की हवेतला थोडा ओलावा परत घेते.

टिलरिंग

आधी जमिनीवर. टोक फरशीवर टेकवून मुठीवर दाब द्या. बाहू गोल वाकतो की एखाद्याच ठिकाणी मोडल्यासारखा वाटतो ते पाहा. दोन्ही बाहू सारखे वाटेपर्यंत पोट खरवडा. मग टोकांना खाचा: कडांवर, ४५ अंशांत, दीड सूत खोल, गोल कानशीने. पाठीवर खाच कापायची नाही.

भिंतीला एक फळी ठोका, वर मुठीसाठी खोबण, खाली कप्पी. धनुष्य खोबणीत, सैल लांब दोरी, कप्पीतून ती ओढायची आणि आपण आठ-दहा फूट लांब उभं राहायचं. मधे मासळीबाजारात असतो तसा स्प्रिंग काटा लावा. नियम एकच, पण तो मोडायचा नाही: ठरवलेल्या वजनापलीकडे एकदाही ओढायचं नाही. दहा इंचांवरच ४० पौंड दिसले तर तिथेच थांबायचं आणि खरवडायचं. दर खरवडणीनंतर वीस-तीस वेळा हलक्या हाताने ओढा, कारण लाकडाला बदल 'समजायला' वेळ लागतो.

आता वाकड्या काठीची गोम. सरळ धनुष्यात ओढल्यावर बाहू गोल कमानीत दिसला की झालं. टिलरिंगसाठी पेन्सिल बसवलेला लाकडी ठोकळा पोटावरून फिरवायची युक्ती तिथे चालते. वाकड्या काठीत तीच युक्ती फसवते. जिथे बाक पोटाकडे आहे ती जागा जास्त वाकल्यासारखी दिसते, जिथे पाठीकडे आहे ती ताठ दिसते. ठोकळ्याच्या खुणेवर विश्वास ठेवून तुम्ही त्या 'ताठ' जागेचं लाकूड काढत जाता आणि तीच जागा खचते. म्हणून सैल अवस्थेत काठीची बाह्यरेषा मागच्या फळीवर पेन्सिलीने काढून घ्या. ओढल्यावर प्रत्येक जागा त्या मूळ रेषेपासून किती हलली ते पाहा. मोबाइलवर एकाच जागेवरून सैल आणि ओढलेला असे दोन फोटो काढून एकावर एक ठेवले तर आणखी सोपं. बाक तसाच राहिला पाहिजे, त्यावर वाक चढला पाहिजे.

सैल दोरीवर दोन्ही टोकं ५-६ इंच सारखी येऊ लागली की आखूड दोरी चढवा, मुठीपासून दोरीचं अंतर ३ इंच. जमलं तर ५॥ इंचांपर्यंत वाढवा. मग इंचाइंचाने २८ पर्यंत. खालचा बाहू किंचित ताठ ठेवा, दोरीपासून बाहूच्या अंतरात (जाडीत नव्हे) एक ते दोन सुतांचा फरक, कारण हात मध्याच्या खाली धरतो. पूर्ण ओढून धरून ठेवायचं नाही, दोन सेकंदांत सोडायचं. डोळ्यांना चष्मा हवाच.

बिघाड तीन तऱ्हेचे. पोटावर आडव्या बारीक चुण्या दिसल्या तर तिथे वाक एकवटलाय. ती जागा सोडून तिच्या दोन्ही बाजू हलक्या करा, ताकद पाच पौंडांनी उतरेल ती उतरू द्या. पाठीवर छिलका उठला तर पातळ सुपरग्लू आत सोडून वरून सुती दोऱ्याचे घट्ट वेढे द्या; छिलका दोन इंचांहून लांब असेल तर ते धनुष्य भिंतीवर टांगा. दोरी काढल्यावर टोकं दीड इंचापर्यंत पोटाकडे राहिली तर आपल्या हवेत ते चांगलंच. अडीच इंच राहिली तर लाकूड ओलं होतं.

दोरी आणि लेप

काथ्याची दोरी धनुष्याला उपयोगाची नाही, ती फार ताणली जाते. जेटीवर मिळणारा नायलॉनही त्याच कारणाने नको. ताग किंवा अंबाडीची चांगली वळलेली दोरी चालते, पण दमट हवेत तिचा भरवसा कमी. डॅक्रॉन बी-५० या धनुष्यदोरीच्या पॉलिएस्टर धाग्याचे १२ धागे, प्रत्येकी सुमारे ५० पौंड सोसणारे, ४० पौंडी धनुष्याला पुरून उरतात. मेण चोळत राहा.

लेपासाठी खोबरेल तेल लावू नका. ते कधी वाळत नाही, नुसती धूळ धरून बसतं. जवसाचं उकळलेलं तेल वाळतं, पण हवेतला दमटपणा फारसा अडवत नाही. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांच्या लाकडाला लावत आले आहेत, पाणी ते चांगलं अडवतं. पण कातडीवर फोड आणतं, आणि मूठ तर रोज हातात धरायची. इथे मी जुनी पद्धत सोडून पॉलियुरेथेन व्हार्निशचे चार पातळ हात देतो, दोन हातांमध्ये बारीक पॉलिश पेपर. टोकं आणि खाचा विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं.

बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. बाणात जायची ती सगळी ऊर्जा बाहूंत परतते आणि गाठीपाशी चीर पडते. पक्षी-प्राण्यांवर रोखायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. गवताची गच्च बांधलेली पेंढी आणि तिच्यामागे मातीचा बांध हे निशाण्याला पुरेसं. काम झालं की दोरी उतरवायची, धनुष्य आडवं, दोन खुंट्यांवर. कोपऱ्यात उभं ठेवलं की खालचा बाहू वळतो. पावसाळाभर ते माळ्यावर जाऊ द्या. दिवाळीच्या आसपास पुन्हा वजन करा. पावसाळ्याआधी तयार धनुष्याचं वजन करून लिहिलेल्या आकड्याहून वीस-पंचवीस ग्रॅमने जास्त भरलं तर आणखी महिनाभर थांबा, आणि मगच दोरी चढवा.